जतच्या माळावरून ऐकू येणारे आकाश

(जत येथे विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



जत तालुक्यातील माणूस वर पाहतो तो पावसासाठी. वैशाखात वळवाचे ढग विजापूरच्या बाजूने चढतात की सांगलीच्या, हे तो अंगणातूनच सांगू शकतो. पुढे मृग कोरडा गेला तरी परतीच्या पावसावर आशा ठेवून तो भाद्रपद-आश्विनाची वाट पाहतो. या दोन्ही पावसांची एक खूण अशी, की पाणी पडो न पडो, वीज मात्र हटकून चमकते. ज्या घरांत आजही जुना रेडिओ आहे, तेथे पन्नास-शंभर कोसांवरची वीज आधी रेडिओतच कळते. बातम्या चालू असताना मध्येच 'खर्रर्र' आवाज होतो आणि आजोबा म्हणतात, "कुठंतरी वळीव लागलाय." आजोबांनी विज्ञानाचे पुस्तक उघडलेले नसते. तरीही त्यांनी सांगितलेले शास्त्रीयदृष्ट्या तंतोतंत खरे असते, आणि त्या खरखरीचा माग काढत गेलेल्या शास्त्रज्ञांना पृथ्वीपासून हजारो किलोमीटर उंचीवरचा एक अज्ञात प्रदेश सापडला.

आकाशात कडाडणारी प्रत्येक वीज हे निसर्गाचे एक रेडिओ प्रक्षेपण केंद्रच असते. उपग्रहांनी केलेल्या मोजणीनुसार साऱ्या पृथ्वीवर मिळून दर सेकंदाला सुमारे चाळीस-पंचेचाळीस विजा चमकतात. प्रत्येक विजेतून निघणाऱ्या रेडिओ लहरींचा जोर पाच ते दहा किलोहर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असतो. तीन ते तीस किलोहर्ट्झ या पट्ट्यातील लहरींना अत्यल्प कंप्रतेच्या लहरी, म्हणजेच व्हीएलएफ लहरी म्हणतात. त्या किती लांब असाव्यात? आकाशवाणीच्या मध्यम लहरी काहीशे मीटरच्या असतात. तीन किलोहर्ट्झची एकच लहर शंभर किलोमीटरची भरते. जतहून सांगलीला जाण्याचा रस्ता जेवढा लांब, जवळजवळ तेवढी ही एक लहर!

या लहरींची आणखी एक गंमत आहे. मानवी कान साधारण वीस किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू शकतो. म्हणजे या लहरींची कंप्रता आणि आपल्या कानाची कक्षा बरीचशी एकच आहे. त्या ध्वनिलहरी नव्हेत, विद्युतचुंबकीय लहरी आहेत; परंतु लांब तार, साधा प्रवर्धक आणि कानाला लावायचा हेडफोन एवढ्या सामग्रीवर त्या 'ऐकता' येतात. ना वाहक लहर, ना केंद्र लावण्याची खटपट.

हे प्रथम घडले तेही कोणी ठरवून केलेले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील लांबलचक टेलिफोन-तारांवर कामगारांना चमत्कारिक आवाज येत. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश बार्कहाउझेन शत्रूच्या आघाडीवरील दूरध्वनी संभाषणे चोरून ऐकण्याच्या कामावर होता. जमिनीत खुंट्या ठोकून, तारा जोडून तो कान लावून बसे. संभाषणाऐवजी त्याला अनेकदा वरच्या पट्टीतून खाली घसरत येणारी एक शिट्टी ऐकू येई. आघाडीवरचे सैनिक त्याला म्हणत, "हातगोळे उडताना ऐकू येतात." बार्कहाउझेनने १९१९ साली ही नोंद प्रसिद्ध केली, परंतु कारण त्याला नीट उलगडले नाही.

ते उलगडायला १९५३ साल उजाडावे लागले. केंब्रिजमध्ये संशोधन करणाऱ्या ओवेन स्टोरी या तरुणाने दाखवून दिले, की विजेची काही ऊर्जा आयनांबर भेदून वर निसटते, पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषेच्या कडेकडेने अवकाशात हजारो किलोमीटर चढते आणि दुसऱ्या गोलार्धात त्या बलरेषेच्या दुसऱ्या टोकाशी उतरते. निघताना सर्व कंप्रतांच्या लहरी एकदमच निघतात. पण वाटेत विद्युतभारित कणांचा विरळ वायू असतो, आणि त्यातून उच्च कंप्रतेच्या लहरी जलद जातात, नीच कंप्रतेच्या रेंगाळतात. यल्लम्माच्या यात्रेला एका गावातून सगळी मंडळी पहाटे एकत्रच निघतात. तरणी पोरे आधी पोहोचतात, कडेवर मूल घेतलेल्या बाया मागून, आणि म्हातारीकोतारी सर्वांत शेवटी. देवळाच्या दारात उभे राहणाऱ्याला गाव एकदम न दिसता ओळीने दिसते. तसेच येथे होते. विजेचा एका क्षणाचा 'टक्' आवाज पलीकडे पोहोचेपर्यंत ताणला जाऊन सेकंद-दोन सेकंदांची उतरती शिट्टी होतो. म्हणून या लहरींना 'व्हिस्लर' हे नाव पडले.

स्टोरीच्या गणिताचा दुसरा निष्कर्ष अधिक खळबळजनक होता. शिट्टी इतकी ताणली जायची, तर तेवढ्या उंचीवर दर घनसेंटिमीटरला शेकडो इलेक्ट्रॉन असायलाच हवेत. त्या काळी तेथे जवळजवळ निर्वात असल्याची समजूत होती. पहिला कृत्रिम उपग्रह उडण्यास अजून चार वर्षे होती. केवळ जमिनीवर बसून, कानाने ऐकून, माणसाने पृथ्वीच्या चुंबकांबराचा ठाव घेतला.

आता येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण विज्ञानाच्या नावाखाली खोटी आशा दाखवणे योग्य नव्हे. जतच्या माळावर कोणी तार बांधून व्हिस्लरची वाट पाहत बसला, तर बहुधा त्याची निराशाच होईल. कारण भूगोलाचे आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या अगदी दक्षिण टोकावरून जाते आणि जत त्याच्यापासून जेमतेम नऊ अंश उत्तरेला पडते. येथून निघणारी बलरेषा दीड-दोनशे किलोमीटर उंची गाठते न गाठते तोच खाली वळते आणि हिंदी महासागरात पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या आसपास उतरते. ती आयनांबरातच अडकते, चुंबकांबरापर्यंत पोहोचतच नाही. नैनितालची बलरेषा सुमारे हजार किलोमीटर वर जाते, गुलमर्गची त्याहून वर. म्हणूनच बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या संशोधकांनी १९६०च्या दशकात व्हिस्लरचा शोध घेतला तो नैनिताल आणि गुलमर्ग येथे.

मग जतला काय ऐकू येते? रात्री, विशेषतः मध्यरात्रीनंतर, तव्यावर मोहरी तडतडावी तसा विजांचा अखंड तडतडाट ऐकू येतो. त्यातील कितीतरी विजा हजारो किलोमीटरांवर पडलेल्या असतात. मधूनच तडतडाटाऐवजी पाखराने चोच उघडून मिटावी तसा 'ट्विक्' असा किणकिणता आवाज येतो. शास्त्रज्ञांनीही त्याचे नाव 'ट्विक' असेच ठेवले आहे. जमीन आणि आयनांबर या दोन भिंतींमधील पोकळीतून, जणू एखाद्या प्रचंड बोगद्यातून, विजेच्या लहरी आपटत आपटत दूर जातात. या बोगद्याची उंची ठरवते की कोणत्या कंप्रतेखालील लहर आत राहूच शकणार नाही. ही मर्यादा सुमारे १७०० हर्ट्झ आढळली, तर बोगद्याचे छत अठ्ठ्याऐंशी किलोमीटरवर आहे, हे शाळेतल्या भागाकाराने काढता येते: प्रकाशाचा वेग भागिले कंप्रतेची दुप्पट. दहावीच्या मुलाला येणाऱ्या गणिताने अवकाशाच्या उंबरठ्याची उंची मोजता यावी, ही काही लहान गोष्ट नव्हे.

वर चुंबकांबरात या लहरी काय करतात, हा विषयाचा खरा गाभा. १९५८ साली अमेरिकेच्या पहिल्या उपग्रहांवरील उपकरणांतून जेम्स व्हॅन ॲलन यांना पृथ्वीभोवती अतिवेगवान भारित कणांचे पट्टे सापडले. या पट्ट्यातील इलेक्ट्रॉन चुंबकीय बलरेषेभोवती गिरक्या घेत उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि पुन्हा उत्तरेकडे असे हेलपाटे घालत राहतात. अडथळा नसेल तर हे महिनोन्महिने, काही ठिकाणी वर्षानुवर्षे चालते. समोरून येणाऱ्या व्हीएलएफ लहरीचे विद्युतक्षेत्रही गिरकी घेत असते. लहर आणि इलेक्ट्रॉन यांच्या गिरक्यांचा ताल जुळला, की दोघांत ऊर्जेची देवघेव सुरू होते. नागपंचमीच्या झोक्याला वेळेवर हात लावणारी पोर थोड्याशा जोरानेही झोका उंच नेते. वेळ चुकली तर तोच हात झोका थांबवतो. येथेही तसेच. काही इलेक्ट्रॉनांची दिशा अशी बदलते, की ते हेलपाट्यातून सुटून थेट वातावरणात कोसळतात. काहींना मात्र एवढा वेग मिळतो, की त्यांना उपग्रहांचे मारेकरी म्हणण्याची पद्धत पडली आहे. जानेवारी १९९४ मध्ये कॅनडाचे अनिक मालिकेतील दोन संदेशवहन उपग्रह अशाच वेगवान इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यात बंद पडले होते.

या वेग देणाऱ्या लहरींत 'कोरस' नावाचा एक प्रकार आहे. हेडफोनमध्ये तो ऐकला, तर पहाटे वडावर जागी झालेली पाखरे बोलावीत असा भास होतो. एवढा गोड आवाज आणि त्याच्या पाठीशी एवढी संहारक शक्ती!

लहर आणि कण यांच्या या झुंजीचा प्रत्यक्ष प्रयोगही झाला. अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने अंटार्क्टिकातील सायपल येथे बर्फावर वीस-बावीस किलोमीटर लांबीची तार अंथरली आणि १९७३ ते १९८८ या काळात तेथून व्हीएलएफ संकेत वर सोडले. बलरेषेच्या दुसऱ्या टोकाला, कॅनडातील रोबर्वाल येथे, ते हजारपटीपर्यंत बळावून पोहोचले. इतकेच नव्हे, तर सोडलेल्या संकेताच्या शेपटीला न सोडलेल्या नव्या लहरीही जन्मल्या. त्या अवकाशातील इलेक्ट्रॉनांनीच निर्माण केल्या होत्या. यातूनच एक कल्पना पुढे आली: जमिनीवरून किंवा उपग्रहावरून अशा लहरी सोडून घातक पट्टे झाडून काढता येतील का? ही चिंता काल्पनिक नव्हती. जुलै १९६२ मध्ये अमेरिकेने पॅसिफिक महासागरावर चारशे किलोमीटर उंचीवर 'स्टारफिश प्राइम' हा अणुस्फोट केला, तेव्हा निर्माण झालेल्या कृत्रिम प्रारण पट्ट्याने अनेक उपग्रह निकामी केले. कोणा माथेफिरू राष्ट्राने तेच पुन्हा केले तर? त्याचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकी हवाई दलाने जून २०१९ मध्ये लांबलचक ॲन्टेना असलेला एक खास उपग्रह सोडला होता. काम अजून प्रयोगावस्थेतच आहे.

भारताचा या लहरींशी संबंध केवळ संशोधनापुरता नाही. खाऱ्या पाण्यात नेहमीच्या रेडिओ लहरी शिरताच विरून जातात. व्हीएलएफ लहर मात्र दहा-पंधरा मीटर खोल पोहोचते. त्यामुळे पाणबुडीला पृष्ठभागावर न येता आज्ञा स्वीकारता येते. तमिळनाडूतील तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम् येथे १९९० साली नौदलाचे असे केंद्र कार्यान्वित झाले. इंग्रजांशी झुंजून १७९९ साली फासावर गेलेल्या वीरपांड्य कट्टबोम्मनचे नाव त्याला दिले आहे. जुलै २०१४ मध्ये तेथे नवे प्रक्षेपण केंद्र सुरू झाले. जतपासून ते सरळ रेषेत सुमारे हजार किलोमीटरवर आहे.

दुसरे केंद्र तर जतच्या बरेच जवळ, तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर होऊ घातले आहे. तेलंगणातील विकाराबाद जिल्ह्यात दामगुंडमच्या राखीव वनात १५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. सुमारे २९०० एकर भूमी त्यासाठी देण्यात आली असून ते २०२७ पर्यंत पूर्ण करण्याचे नियोजन तेव्हा जाहीर झाले. स्थानिकांचा आणि पर्यावरणप्रेमींचा याला विरोध झाला. तेथे रामलिंगेश्वराचे जुने देवस्थान आहे, जंगल आहे, जवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात मुसी नदीचा उगम आहे. या विरोधाकडे केवळ राष्ट्रद्रोह म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. लहरींच्या 'किरणोत्सर्गा'ने गावे उद्ध्वस्त होतील ही भीती अनाठायी आहे. या लहरींत अणूतून इलेक्ट्रॉन सोडवण्याइतकीही शक्ती नसते, आणि ॲन्टेनाजवळच्या तीव्र क्षेत्रापासून राखायचे अंतर ठरवलेले असते. झाड तोडले की झाड जाते, ही तक्रार मात्र खरी आहे. दुष्काळी मुलखातल्या माणसाला तिचे मोल समजावून सांगावे लागत नाही. देवळाची वाट मोकळी राहिली का आणि तोडल्याच्या बदल्यात लावलेली रोपे पाच वर्षांनी जगली का, हे तपासणारे डोळे तेथे हवेत. पाणबुडीतील जवानाला आज्ञा मिळणे आणि डोंगरातील झरा वाहता राहणे, या दोन्ही गोष्टी देशाच्याच आहेत.

आपल्या देशाची या शास्त्रातील पुण्याई जुनी आहे, आणि तिच्यात मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली मुंबईत कुलाब्याला वेधशाळा उभारली. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मापन सुरू झाले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर काही काळ या वेधशाळेचे प्रमुख होते. केरूनाना छत्रे, जे पुढे लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू झाले, त्यांनी तरुणपणी येथेच सहायक म्हणून वेध घेतले. तेव्हा स्वयंचलित यंत्र नव्हते. टांगलेल्या चुंबकाचे विचलन डोळ्याने पाहायचे आणि वहीत लिहायचे, तासातासाला, दिवसा आणि रात्री. चुंबक अस्वस्थ झाला, तर पंधरा-पंधरा, पाच-पाच मिनिटांनी.

२ सप्टेंबर १८५९ रोजी तो अस्वस्थ झाला. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर एक तेजस्वी भडका पाहिला होता. त्या सौर वादळाने युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे ठिणग्या टाकू लागली. जगातील बहुतेक चुंबकमापक यंत्रांचा काटा मोजपट्टीच्या बाहेर गेला. कुलाब्याच्या नोंदवहीत मात्र त्या दिवशीचे आकडे उतरले. चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळला होता. कुलाब्याच्या त्या कर्मचाऱ्याला आपण काय लिहितो आहोत हे कळणे शक्यच नव्हते. त्याने पाहिले ते लिहिले, एवढेच.

ती वही पुढे जवळजवळ दीडशे वर्षे पडून होती. २००३ साली अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेस आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्षसिंग लखिना व एस. ॲलेक्स यांनी तिच्यातील आकड्यांच्या आधारे त्या महावादळाची तीव्रता नव्याने सिद्ध केली. आज जगात कोठेही अवकाशीय हवामानाच्या धोक्याची चर्चा निघाली, की कुलाब्याचा तो आलेख समोर येतो. तेच लखिना आणि तेच त्सुरुतानी यांनी १९९७ साली लहर-कण परस्परक्रियेच्या मूळ संकल्पनांवर लिहिलेला प्रबंध या विषयाच्या विद्यार्थ्यांना आजही वाचावा लागतो.

या वेधशाळेची एक हकीकत प्रत्येक नगरपालिकेत सांगण्याजोगी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकीय मापन बिघडणार, हे तत्कालीन संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले. ट्राम धावण्याच्या आधीच, १९०४ साली, अलिबागला लोखंडाचा स्पर्शही नसलेली दगडी इमारत उभी राहिली. दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी करून जुने आकडे नव्याशी जोडून घेतले आणि मग कुलाब्याचे काम थांबवले. ट्रामही आली आणि नोंदही तुटली नाही. विकास आणि विज्ञान यांच्यात भांडण लागल्यावर रस्ता कसा काढावा, याचा हा शंभर वर्षांपूर्वीचा धडा. आज नवीन पनवेल येथे मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेने ही परंपरा पुढे नेली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठ परिसरातील तिच्या केंद्रात १९९९ पासून एक रडार ऐंशी-नव्वद किलोमीटर उंचीवरचे वारे मोजू लागले. म्हणजे जतच्या 'ट्विक'चे छत ज्या थरात असते, नेमका तोच थर. २००७ साली प्रयाग, वाराणसी आणि नैनिताल येथे व्हीएलएफ लहरींचे आधुनिक ग्राहक बसले, आणि २२ जुलै २००९ च्या खग्रास सूर्यग्रहणात सावली सरकली तसे आयनांबर कसे बदलले, ते त्यांनी टिपले.

या भागात एक प्रश्न हमखास येतो. कोयनेचा १९६७ चा आणि किल्लारीचा १९९३ चा भूकंप येथल्या लोकांच्या स्मरणातून गेलेला नाही. या लहरींवरून भूकंप आधी कळतो का? फ्रान्सने २००४ साली 'डेमेटर' हा उपग्रह याच शोधासाठी सोडला होता. त्याने लहरी आणि इलेक्ट्रॉन यांच्याविषयी मोलाची माहिती दिली. ऑस्ट्रेलियातील नौदल-केंद्राच्या लहरींमुळे इलेक्ट्रॉन कोसळतात हेही दाखवले. भूकंपाचे खात्रीचे भाकीत मात्र त्यातून हाती आले नाही. भ्रमणध्वनीवर फिरणारे तशा आशयाचे संदेश पुढे पाठवू नयेत.

राहता राहिला प्रश्न जतच्या विद्यार्थ्यांनी काय करावे हा. येथील राजे रामराव महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा एखाद्या माध्यमिक शाळेत शे-दोनशे रुपयांच्या सुट्या भागांतून असा ग्राहक जोडता येईल. अडचण वेगळीच आहे. महावितरणच्या तारांची पन्नास हर्ट्झची घरघर आणि तिच्या पटीतील आवाज यांत 'ट्विक' बुडून जातो. म्हणून गावापासून आणि शेतपंपांच्या रोहित्रापासून किमान अर्धा-पाऊण किलोमीटर दूर, उघड्या माळावर जावे लागते. पुण्या-मुंबईच्या मुलांना अशी जागा शोधायला प्रवास करावा लागेल. जतच्या मुलांना सायकल पुरेल. भारनियमनाची रात्र तर त्याहून उत्तम. त्या गैरसोयीचा एवढा एक लाभ पदरात पाडून घ्यायला हरकत नाही. मात्र जवळपास ढग गडगडत असतील, तर तार गुंडाळून सरळ घरी यावे. वीज ऐकायची ती शेकडो मैलांवरची.

वहीत तारीख, वेळ, आकाशाची स्थिती आणि दर पाच मिनिटांत ऐकू आलेले 'ट्विक' एवढेच लिहायचे. एका रात्रीच्या नोंदीला फारसा अर्थ नसतो. दर अमावास्येच्या आसपासच्या चार रात्री, वळवापासून परतीच्या पावसापर्यंत, एकेका विद्यार्थ्याने पाळीपाळीने बसायचे, आणि वही पुढच्या वर्षीच्या मुलाच्या हाती द्यायची.